जुन्या रॉक बँडच्या नव्या अल्बमची वाट कशी पाहावी

एखाद्या रॉक बँडला चाळीस-पन्नास वर्षे होऊन गेलेली असतात, त्याचा एखादा सदस्य हयात नसतो, एखाद्याने प्रकृतीच्या कारणाने वाजवणे सोडलेले असते, शेवटचा अल्बम येऊन बराच काळ लोटलेला असतो, आणि अशात नवा अल्बम येणार असल्याचे कानावर येते. ज्याने त्या बँडवर मनापासून प्रेम केले आहे त्याच्यासाठी पुढचे काही महिने फार मोलाचे असतात, पण पुष्कळ जणांच्या हातून ते निसटतात. काही जण मिळेल ती बातमी, मिळेल तो तुकडा आणि मिळेल तो अंदाज गोळा करत राहतात. अल्बम हाती येतो तेव्हा त्यांची उत्सुकता संपलेली असते. काही जण कसलीच तयारी करत नाहीत, पहिल्या दिवशी दोन-तीन गाणी ऐकतात, बँडच्या सर्वांत गाजलेल्या अल्बमशी ती ताडून पाहतात आणि निराश होतात. पुढे जी पद्धत सांगितली आहे तिचा सगळा रोख एका गोष्टीवर आहे: नवा अल्बम हा त्या बँडच्या मागच्या अल्बमनंतरचा टप्पा म्हणून ऐकता आला पाहिजे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या अल्बमशी त्याची गाठ घालून दिली की दोघांवरही अन्याय होतो.

बातमीची पारख

‘नवा अल्बम येतो आहे’ या एका वाक्याचे चार वेगवेगळे अर्थ असू शकतात. बँडकडे गाण्यांचे कच्चे तुकडे जमले आहेत, बँड स्टुडिओत गेला आहे, ध्वनिमुद्रण पूर्ण झाले आहे किंवा प्रकाशनाची तारीख ठरली आहे, यांपैकी नेमके काय घडले आहे ते आधी ओळखावे. मुलाखतीत गिटारवादक ‘बरीच गाणी तयार आहेत’ असे म्हणतो तेव्हा तो बहुधा पहिल्या अवस्थेबद्दल बोलत असतो, आणि तिथून चौथ्या अवस्थेपर्यंत पोहोचायला किती काळ लागेल याला काही नियम नाही. द क्युअरचे गायक रॉबर्ट स्मिथ २०१९ मध्येच नव्या अल्बमबद्दल मोकळेपणाने बोलत होते. ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ प्रत्यक्षात १ नोव्हेंबर २०२४ रोजी आला, आणि त्याआधीचा त्यांचा अल्बम २००८ चा होता. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हँकुव्हरमधील एका स्टुडिओबाहेर एसी/डीसीचे गायक ब्रायन जॉन्सन आणि ड्रमर फिल रड यांची छायाचित्रे चाहत्यांच्या हाती लागली, म्हणजे काम सुरू असल्याचा पुरावाच मिळाला, तरी ‘पॉवर अप’साठी नोव्हेंबर २०२० पर्यंत थांबावे लागले. आयर्न मेडनने ‘सेनजुत्सू’ २०१९ मध्ये पॅरिसला ध्वनिमुद्रित करून गुपचूप बाजूला ठेवला होता. तो ३ सप्टेंबर २०२१ रोजी बाहेर आला. गन्स एन’ रोझेसच्या ‘चायनीज डेमोक्रसी’ची कथा तर सर्वांना ठाऊक आहे: दुसऱ्यांच्या गाण्यांचा त्यांचा अल्बम १९९३ चा, आणि त्यानंतरचा हा अल्बम नोव्हेंबर २००८ चा.

म्हणून व्यवहारातला नियम असा ठेवावा की बँडच्या किंवा त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या अधिकृत ठिकाणी तारीख, मुखपृष्ठ आणि आगाऊ नोंदणीची सोय या तिन्ही गोष्टी एकत्र दिसेपर्यंत मनातल्या मनात कोणतीही तारीख धरू नये. या तीन गोष्टी आल्या की मात्र हिशेब सोपा होतो. रोलिंग स्टोन्सनी ‘हॅकनी डायमंड्स’ ६ सप्टेंबर २०२३ ला जाहीर केला आणि २० ऑक्टोबरला प्रकाशित केला, म्हणजे मध्ये सहा आठवडे गेले. मेटॅलिकाने ‘७२ सीझन्स’ २८ नोव्हेंबर २०२२ ला जाहीर केला आणि १४ एप्रिल २०२३ ला आणला, म्हणजे साडेचार महिने. आपल्या बँडचा अल्बम या दोन टोकांच्या दरम्यान कुठेतरी बसेल असे गृहीत धरून पुढची तयारी आखता येते.

अधिकृत घोषणेच्या आधी बँड स्वतःच काही खुणा सोडतात, आणि त्यांचा आनंद जरूर घ्यावा. ‘हॅकनी डायमंड्स’च्या आधी ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनच्या हॅकनी भागातील स्थानिक वृत्तपत्रात काचा दुरुस्त करणाऱ्या एका काल्पनिक दुकानाची जाहिरात आली होती आणि तिच्या शब्दांत बँडच्या जुन्या गाण्यांची नावे पेरलेली होती. द क्युअरने रोमन अंकांत तारीख छापलेले भित्तिपत्रक त्यांच्या क्रॉली या गावातील एका पबबाहेर लावले होते. अशा खुणा उलगडणे हा सामूहिक आनंद असतो, कारण त्यात बँडने चाहत्यांच्या स्मरणशक्तीवर विश्वास टाकलेला असतो. कधी बातमी अशी अनपेक्षित वाटेनेही येते: पिंक फ्लॉइडच्या ‘द एंडलेस रिव्हर’ची पहिली वार्ता जुलै २०१४ मध्ये बँडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांच्या पत्नी आणि गीतकार पॉली सॅमसन यांच्या एका ट्वीटमधून कळली होती.

याउलट, कुठल्याही अनोळखी खात्यावर ‘नवे गाणे’ म्हणून फिरणाऱ्या ध्वनिफितीपासून दूर राहावे. गायकाच्या आवाजाची नक्कल संगणकाकडून करवून घेणे आता अवघड राहिलेले नाही, आणि पन्नास वर्षांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध असलेल्या गायकाची नक्कल तर अधिकच सोपी असते. चोरून आधीच बाहेर काढलेली खरी गाणीही ऐकू नयेत, असे माझे ठाम मत आहे. ‘चायनीज डेमोक्रसी’ची नऊ गाणी प्रकाशनापूर्वी इंटरनेटवर टाकणाऱ्या एका ब्लॉगलेखकाला २००८ मध्ये अमेरिकेत अटक झाली होती, परंतु कायद्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी, अपुऱ्या मिक्सिंगची (वेगवेगळे आवाज एकत्र जुळवण्याचे काम अर्धवट राहिलेली) प्रत प्रथम ऐकली की कान तिलाच खरी मानू लागतो आणि बँडने ज्या रूपावर शिक्कामोर्तब केले ते रूप परके वाटू लागते.

मागचे दोन अल्बम

तारीख ठरली की खरी तयारी सुरू होते, आणि या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त वेळ तिला द्यावा. बहुतेक चाहते अशा वेळी बँडचे सुवर्णयुग पुन्हा ऐकायला घेतात. ते ऐकण्यात सुख आहे, पण तयारी म्हणून त्याचा उपयोग कमी आहे. बँड आज ज्या आवाजात, ज्या निर्मात्यासोबत (म्हणजे ध्वनिमुद्रणाला दिशा देणाऱ्या व्यक्तीसोबत) आणि ज्या वादकांसह काम करतो आहे त्याची ओळख त्याच्या शेवटच्या दोन अल्बमांतून होते. डीप पर्पलचा २०२४ चा ‘=१’ समजून घ्यायचा असेल तर १९७२ च्या ‘मशीन हेड’पेक्षा २०१७ चा ‘इन्फिनिट’ आणि २०२० चा ‘वूश!’ अधिक कामाचे आहेत, कारण २०१३ पासून निर्माता बॉब एझ्रिन हेच आहेत. बदलला आहे तो गिटारवादक. स्टीव्ह मोर्स २०२२ मध्ये बाहेर पडले आणि सायमन मॅकब्राइड आले. हे ठाऊक असलेला श्रोता नव्या अल्बममध्ये नेमके कुठे कान द्यायचा ते जाणतो: ऑर्गन आणि गिटार यांची जुनी जुगलबंदी नव्या हातांत कशी वळण घेते ते त्याला ऐकू येते.

हे दोन अल्बम एका बैठकीत एक अशा रीतीने, मधे काही दिवस सोडून, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकावेत. ऐकताना तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात. पहिली म्हणजे गायक कोणत्या पट्टीत गातो आहे. सत्तरीकडे झुकलेला आवाज पंचविशीतल्या आवाजाइतका वर जाणार नाही, आणि शहाणे बँड ते ओळखून रचना करतात. काही जण वाद्येच खाली लावून घेतात, जसे मेटॅलिका कित्येक वर्षांपासून कॉन्सर्टमध्ये गिटार अर्धा स्वर खाली लावून वाजवत आली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे ड्रमचा आवाज आणि त्याची चाल, कारण बँडचा स्वभाव तिथे सर्वांत लवकर उघड होतो. तिसरी म्हणजे गाण्यांची लांबी. आयर्न मेडनची गाणी या शतकात हळूहळू लांबत गेली आहेत. ‘सेनजुत्सू’ सुमारे ८२ मिनिटांचा आणि दोन सीडींचा आहे. त्याआधीचा २०१५ चा ‘द बुक ऑफ सोल्स’ ज्यांनी नीट ऐकला होता त्यांना ही लांबी अपेक्षितच होती.

यासोबत बँडमध्ये मधल्या काळात काय काय घडले याची उजळणी करावी. ही माहिती कुतूहलापुरती नसते. ती थेट गाण्यांत उतरलेली असते. ‘पॉवर अप’मधील सर्व गाण्यांचे श्रेय एसी/डीसीचे गिटारवादक अँगस आणि माल्कम यंग या भावांना दिलेले आहे, आणि माल्कम तर १८ नोव्हेंबर २०१७ रोजी वारले होते. आधी एकत्र जमवून ठेवलेल्या कल्पनांवर अँगसनी हा अल्बम उभा केला आणि तो भावाला अर्पण केला. हे मनात ठेवून ऐकले की त्याच ओळखीच्या रिफमध्ये, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात, एक वेगळेच गांभीर्य जाणवते. ‘हॅकनी डायमंड्स’मध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये निवर्तलेले ड्रमर चार्ली वॉट्स दोनच गाण्यांत वाजवतात आणि बाकीच्या गाण्यांची धुरा प्रामुख्याने स्टीव्ह जॉर्डन यांनी वाहिली आहे. ती दोन गाणी कोणती हे आधी न पाहता ओळखण्याचा प्रयत्न करावा. ज्याने वॉट्स यांचे संयत वाजवणे वर्षानुवर्षे ऐकले आहे त्याच्यासाठी हा अनुभव हृदयस्पर्शी असतो.

आधी येणाऱ्या गाण्यांचे काय करावे

प्रकाशनापूर्वी बँड काही गाणी सुटी प्रसिद्ध करतो. ‘हॅकनी डायमंड्स’च्या बारापैकी दोन गाणी आधी आली होती, ‘७२ सीझन्स’च्या बारापैकी चार. ती सगळी ऐकायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, पण ठरवावे मात्र आधीच. माझा सल्ला असा आहे की पहिले गाणे जरूर ऐकावे, कारण त्यावरून ध्वनीचा अंदाज येतो. दुसऱ्यापासून पुढची गाणी मात्र राखून ठेवावीत. एखादे गाणे सुटे म्हणून तीस-चाळीस वेळा ऐकून झाले की अल्बममध्ये ते आपल्या जागी आले तरी त्याच्या आजूबाजूच्या गाण्यांपेक्षा उगाचच मोठे भासते आणि अल्बमचा तोल ढळलेला वाटतो. शिवाय पहिले गाणे कंपनीने निवडलेले असते, ते बहुधा सर्वांत आटोपशीर आणि सर्वांत ओळखीच्या वळणाचे असते, त्यामुळे त्यावरून संपूर्ण अल्बमविषयी मत बनवू नये.

दौऱ्यात आधीच वाजवलेल्या गाण्यांचा प्रश्न थोडा निराळा आहे. द क्युअरने २०२२ च्या दौऱ्यापासून ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’मधील निम्म्याहून अधिक गाणी वाजवायला सुरुवात केली होती, आणि ज्यांनी ती प्रत्यक्ष ऐकली त्यांचे भाग्य मोठे. मोबाइलवर चित्रित केलेल्या तुकड्यांतून मात्र खर्जाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो, आणि या बँडचा तर अर्धा जीव बास गिटारमध्ये आहे.

प्रत कोणती घ्यावी

याबाबत थोडक्यात सांगता येईल. स्ट्रीमिंगवर ऐकायचे असेल तर काहीच करावे लागत नाही. सीडी घ्यायची असेल तर तिच्यात ऐंशी मिनिटांच्या आसपास संगीत मावते, त्यामुळे बहुतेक अल्बम एकाच सीडीत बसतात. विनाइलचे गणित निराळे असते: मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटांपेक्षा जास्त संगीत घातले तर आवाजाची पातळी आणि खर्ज कमी करावा लागतो. म्हणूनच ७७ मिनिटांचा ‘७२ सीझन्स’ दोन तबकड्यांवर आला आणि ‘सेनजुत्सू’ तीन तबकड्यांवर. लांब अल्बम एकाच तबकडीवर दाबून बसवलेला दिसला तर तो घेऊ नये. निरनिराळ्या रंगांच्या तबकड्या आणि निरनिराळी मुखपृष्ठे यांत संगीत बहुधा तेच असते; एक प्रत घेऊन उरलेले पैसे कॉन्सर्टच्या तिकिटासाठी ठेवणे मला अधिक योग्य वाटते. तबकड्या छापण्याची क्षमता जगात मर्यादित असल्यामुळे विनाइलची नोंदणी मात्र लवकर करावी. मेटॅलिकाने तर २०२३ मध्ये तबकड्या छापणाऱ्या एका अमेरिकी कारखान्यात बहुसंख्य हिस्साच विकत घेतला, यावरून मागणी किती आहे ते कळते.

प्रकाशनाचा वार बहुधा शुक्रवार असतो. १० जुलै २०१५ पासून जगभर हा दिवस ठरला आहे. त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवारी आणि अमेरिकेत मंगळवारी अल्बम येत असत. स्ट्रीमिंगवर तो सहसा त्या त्या देशातील मध्यरात्री खुला होतो, म्हणजे न्यूझीलंडमधील श्रोत्यांना तो सर्वांआधी मिळतो आणि त्यांची मते आपल्याआधी पसरलेली असतात. ज्यांना ती वाचायची नसतील त्यांनी गुरुवारी दुपारपासून चाहत्यांच्या चर्चांपासून लांब राहावे.

ऐकण्याची जुळवाजुळव

आदल्या दिवशी यंत्रातील काही सेटिंग तपासून घ्यावीत. एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळणारी सोय चालू असेल तर ती बंद करावी, कारण दोन गाण्यांमधील शांततेची लांबीही बँडने ठरवलेली असते. गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणारी सोयही बंद आहे याची खात्री करावी. इक्वलायझर (खर्ज आणि वरचे स्वर कमीजास्त करणारी सोय) सपाट ठेवावा.

आवाजाच्या पातळीबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. १९९० च्या दशकापासून मास्टरिंग (ध्वनिमुद्रणावर प्रकाशनापूर्वीचा अखेरचा हात फिरवणे) करताना हळू आणि मोठ्या आवाजातील अंतर दाबून सगळेच मोठे करण्याची प्रथा वाढत गेली. मेटॅलिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ याचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण आहे: तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमसाठीही दिली गेली होती, आणि तिथे ती सीडीपेक्षा अधिक मोकळी, ड्रमचा आघात स्पष्ट ऐकू येईल अशी असल्याचे चाहत्यांनी दोन्ही ताडून दाखवून दिले. याचा अर्थ असा की नव्या अल्बममुळे अर्ध्या तासात थकवा आला तर दोष गाण्यांचा असेलच असे नाही. आवाज थोडा कमी करून पुन्हा ऐकावे. जुना आणि नवा अल्बम एकामागून एक ऐकायचा असेल तर स्ट्रीमिंग ॲपमधील आवाजाची पातळी सारखी ठेवणारी सोय चालू ठेवावी, नाहीतर मोठ्या आवाजाचा नवा अल्बम सुरुवातीला जोरकस आणि नंतर कर्कश वाटतो, आणि १९८० च्या दशकातील सीडी विनाकारण दुबळी वाटते.

पहिले ऐकणे आणि त्यानंतरचे दिवस

पहिल्यांदा संपूर्ण अल्बम सलग, हातात काहीही न घेता, गीतांचे शब्द न वाचता ऐकावा. त्याच दिवशी दुसऱ्यांदा ऐकण्याचा मोह टाळावा आणि मत तर मुळीच लिहू नये. दुसऱ्या दिवशी शब्द आणि श्रेयनामावली समोर ठेवून ऐकावे. कोणत्या गाण्यात पाहुणा वादक आहे, कोणी लिहिले आहे, कोणता वादक कोणत्या गाण्यात नाही हे त्यातून कळते. टूलच्या २०१९ च्या ‘फिअर इनॉक्युलम’सारखा अल्बम असेल, ज्यातील सहा गाणी प्रत्येकी दहा मिनिटांपेक्षा लांब आहेत, तर पहिल्या आठवड्यानंतर रोज एकच गाणे ऐकणे हितावह ठरते. अशी गाणी पाचव्या-सहाव्या वेळी उलगडतात, कारण एखादी लयीची मांडणी सुरुवातीला नुसती गुंतागुंतीची वाटते आणि तिचे आवर्तन कानात बसल्यावर मगच तिच्यावरून सरकणारी गिटार ऐकू येऊ लागते.

दुसरा आठवडा संपल्यावर बँडच्या गाजलेल्या अल्बमकडे परत जायला हरकत नाही. आता तुलना केली तर ती न्याय्य होते, कारण दोन्ही अल्बम स्वतंत्रपणे ओळखीचे झालेले असतात. ब्लॅक सॅबथचा २०१३ चा ‘१३’ हा गायक ऑझी ऑस्बर्न यांच्यासह बँडने १९७८ नंतर केलेला पहिलाच स्टुडिओ अल्बम होता आणि निर्माते रिक रुबिन यांनी बँडला मुद्दाम आरंभीच्या अल्बमांच्या वळणावर नेले होते. अशा अल्बमच्या बाबतीत जुन्या संगीताशी तुलना करणे अपरिहार्यच आहे, आणि मूळ ड्रमर बिल वॉर्ड यांच्या जागी ब्रॅड विल्क यांचे ड्रम असल्याने काय बदलले, हा तिथला सर्वांत रोचक प्रश्न आहे. डीप पर्पलसारख्या बँडला मात्र ड्रमरचा हा प्रश्न लागूच पडत नाही, कारण त्यांचे ड्रमर इयन पेस सुरुवातीपासून तेच आहेत.

शेवटी कॉन्सर्ट. जुने बँड दौऱ्यात नव्या अल्बममधील दोन-चार गाणीच घेतात, कारण श्रोत्यांची मागणी जुन्या गाण्यांची असते. पण अपवाद शोधावेत. आयर्न मेडनने २००६ च्या दौऱ्यात ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ संपूर्ण वाजवला होता, आणि द क्युअरने प्रकाशनाच्या दिवशीच लंडनच्या ट्रॉक्सी सभागृहात नवा अल्बम सलग सादर करून तो कार्यक्रम जगभर प्रक्षेपित केला. मेटॅलिकाने ‘७२ सीझन्स’च्या दौऱ्यात एकेका शहरात दोन रात्री वाजवून एकही गाणे पुन्हा न घेण्याचा क्रम ठेवला. अशा दौऱ्यात एकाच रात्रीचे तिकीट परवडत असेल, तर आधीच्या शहरांत कोणत्या रात्री नवी गाणी अधिक घेतली गेली ते पाहून ती रात्र निवडावी आणि त्या गाण्यांचे शब्द पाठ करून जावे, कारण नवे गाणे सुरू झाल्यावर सभागृहाचा मोठा भाग खाली बसतो आणि त्या वेळी उभे राहून सोबत गाणारे चाहते मंचावरून स्पष्ट दिसतात.